पाहुणे आले, पण पैसा कुठे गेला?

गावात पाहुणे यावेत, चार पैसे मिळावेत, असं आपल्या बचत गटांत पुष्कळदा बोललं जातं. आज ऐकू या अशा बेटांविषयी, जिथे हे चाळीस-पन्नास वर्षांपासून चालू आहे.

दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर तितिकाका नावाचं अफाट सरोवर आहे. त्याची उंची ३,८१२ मीटर. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! तिथे हवा विरळ. नवखा माणूस चार पायऱ्या चढला तरी धापा टाकतो, डोकं दुखतं. म्हणून पाहुणे आधी काठावरच्या पुनो शहरात एक-दोन दिवस राहतात, मग होडीने बेटांवर जातात.

पहिली लागतात उरोस लोकांची तरंगती बेटं. सरोवरात तोतोरा नावाचं उंच पाणगवत उगवतं. त्याच्या मुळांचे जाड गठ्ठे एकत्र बांधायचे, वर गवताचे थर टाकायचे, आणि वाहून जाऊ नये म्हणून सगळं खुंटांना बांधायचं. झालं बेट! घरं त्याच गवताची, होडीही त्याचीच, आणि त्याचा पांढरा कोवळा बुंधा खातातसुद्धा. खालचं गवत कुजत जातं, म्हणून वर सारखं नवं गवत घालावं लागतं. आपल्याकडचं घर सारवण्यासारखं हे काम, कधी न संपणारं.

पुढे आमांतानी बेट. तिथे पाहुणे घरोघरी मुक्काम करतात. कुणाकडे कोण उतरणार, हे पाळीपाळीने ठरवायची तिथली रीत आहे, म्हणजे एकाच घराचं फावत नाही. जेवायला घरचे बटाटे, किनवा नावाच्या धान्याचं सूप, तळलेलं चीज. स्वयंपाक, अंथरूण-पांघरूण बहुतेक बाईच बघते. म्हणून मुक्कामाचे पैसे घरात पोचणं महत्त्वाचं.

ताकिले बेटाची कथा मात्र नीट ऐका. इथे पुरुष सुयांवर टोप्या विणतात आणि बायका मागावर रुंद पट्टे विणतात. पट्ट्यावर वर्षभराची शेतीची कामं आणि सण चित्रांत उतरतात. या कलेला २००५ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून मान दिला. विक्रीसाठी गावाचं सामाईक दुकान आहे. भाव ठरलेले, त्यामुळे शेजारणी-शेजारणींत भाव पाडायची चढाओढ नाही.

१९७०च्या दशकात पाहुणे येऊ लागले, तेव्हा ताकिलेच्या कुटुंबांनी पैसे एकत्र करून स्वतःच्या होड्या घेतल्या. पाहुण्यांना आणायचं त्यांनीच, मुक्कामाचं घर ठरवायचं त्यांनीच. पुढे १९९०च्या दशकात सरकारी नियम बदलले. होड्यांचा धंदा सर्वांना खुला झाला आणि शहरातल्या कंपन्यांच्या वेगवान होड्या आल्या. पाहुणे वाढले, पण बरेचसे सकाळी येणार, बेटावर जेवणार, दुपारी परत जाणार. मुक्काम नाही, होडीचं भाडं नाही. बेट तेच, कला तीच, कष्ट तेच. कमाईचा मोठा वाटा मात्र शहरात राहू लागला. बेटावरच्या लोकांनी मग स्वतःची प्रवाससंस्था काढून पुन्हा उभं राहायचा प्रयत्न केला.

यातून काय घ्यायचं? चांगलं जेवण, स्वच्छ खोली, सुंदर विणकाम हे हवंच. पण पाहुण्यांना आणतो कोण, भाव ठरवतो कोण आणि पाळी लावतो कोण, या तीन गोष्टी आपल्या हातात नसतील, तर राबायचं आपण आणि कमवायचं दुसऱ्याने.

आणि आपण कुठे पाहुण्या म्हणून गेलो, तर? शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करा. वस्तू बनवणारीच्या हातूनच घ्या. फोटो काढण्याआधी विचारा.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. आपल्या गावची ‘होडी’ कोणती आणि ती कुणाच्या हातात आहे, याचा विचार करा.