पाण्याच्या गाठी

सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याच्या कानात दोनच शब्द घुमत असतात: किडनीत गाठी. पुढचं त्यानं ऐकलेलंच नसतं. यात आपल्या भाषेचाही दोष आहे. स्तनातली गाठ, मानेतली गाठ आणि पाण्यानं भरलेली पिशवी, तिन्हींना आपण गाठच म्हणतो. आणि गाठ म्हटली की कॅन्सर, हे घरोघरी ठरलेलंच. आनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनी असलेल्या घरांत हा धसका पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो.

या आजारात दोन्ही किडन्यांत शेकडो पाणपिशव्या धरतात. मुठीएवढी, दीडशे ग्रॅमची किडनी फुगत फुगत काही किलोंची होऊ शकते. पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी १५८६ मध्ये वारला. त्याच्या देहाला मसाले भरणाऱ्या शल्यवैद्यानं लिहून ठेवलंय, की किडन्या बैलाच्या किडन्यांएवढ्या आणि वरून खडबडीत होत्या. तो बहुधा हाच आजार. दोष असतो तो बहुतेकांत सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ जनुकात, काहींत चौथ्यावरच्या पीकेडी-२ मध्ये. आई किंवा वडिलांना असला, की प्रत्येक मुलाच्या वेळी छापा-काटा.

पिशवीच्या अस्तरातल्या पेशी वाजवीपेक्षा भराभर वाढतात, आणि कॅन्सरचीही सुरुवात अशीच होते. म्हणून तर अमेरिकेतले डॉ. जेरेड ग्रँथम १९९० मध्ये या आजाराला वेषांतर केलेलं अर्बुद म्हणाले. पण या पेशी सहसा कुंपण ओलांडत नाहीत. शेजारच्या ऊतीत घुसत नाहीत, दूर पसरत नाहीत. मग धोका वाढतो की नाही? अमेरिकेत किडनी बदललेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वय वगैरे जमेस धरल्यावर पॉलिसिस्टिकवाल्यांत कॅन्सर इतरांपेक्षा किंचित कमीच दिसला (२०१४). दोन वर्षांनी तैवानमधून उलटं आलं: यकृत, मोठं आतडं आणि किडनी, तिन्हींचा धोका जास्त. मला विचाराल, तर पिशव्या आहेत म्हणून रोज कॅन्सरचं भय बाळगण्याइतका आधार यात नाही.

खरी अडचण कॅन्सर ओळखण्याची आहे. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं, पोटात हाताला लागणारा गोळा ही किडनीच्या कॅन्सरची लक्षणं. आणि पॉलिसिस्टिकच्या माणसाला ती तशीही असतातच. पिशवीत रक्त साकळलं, की ती सोनोग्राफीत भरीव दिसते. पिशवी साधी की संशयास्पद, हे ठरवायला न्यूयॉर्कचे मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ मध्ये प्रतवारी दिली, पण शेकडो पिशव्यांच्या गर्दीत एकेकीची प्रत कोण लावणार? तिथे एमआरआयचा उपयोग होतो. कारण न सापडणारा ताप, झपाट्यानं घटणारं वजन, न थांबणारं रक्त, यांतलं काही असेल तर ‘आमच्याकडे असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नये.

नाव नीट विचारून घ्यावं, हेही महत्त्वाचं. वॉन हिपेल-लिंडाऊ नावाचा वेगळाच आनुवंशिक आजार आहे, तिसऱ्या गुणसूत्रावरचा. त्यातही किडनीत पिशव्या होतात, पण तिथे कॅन्सरची भीती खरीखुरी असते आणि ठरावीक काळानं तपासण्या कराव्याच लागतात.

पॉलिसिस्टिकमध्ये जास्त जपायचं ते किडन्या थकल्यावर. डायलिसिस कुठल्याही कारणानं सुरू झालं, तरी वर्षं उलटतात तसा किडनीच्या कॅन्सरचा धोका चढतो. जर्मनीत शस्त्रक्रियेनं काढलेल्या पॉलिसिस्टिक किडन्या तपासल्या, तेव्हा शंभरात साधारण पाचांत कॅन्सर सापडला. यांतले बरेच रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचलेले होते. प्रत्यारोपणानंतरही जुन्या किडन्या बहुधा जागेवरच राहतात. नवी बसते खाली ओटीपोटात, आणि सगळ्यांचं लक्ष साहजिकच तिच्याकडे जातं. तपासायला जाल तेव्हा सोनोग्राफीवाल्यांना वरच्या दोघींकडेही एकदा बघायला सांगा.