पावलांसाठी गाणे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कर्जतच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. सहावी-सातवीच्या मुलींनी समूहनृत्य बसवायचे ठरवले. गाणे त्यांनीच निवडले. त्या दिवसांत ते बाजारात, रिक्षांत, लग्नाच्या वरातीत, सगळीकडे वाजत असे. सराव सुरू झाला आणि रोज एकच घोटाळा होऊ लागला. सहावीतली एक मुलगी सारखी चुकायची. इतर उजवीकडे वळल्या की ही डावीकडे! दोनदा मी तिला सर्वांसमोर बोललो. तिसऱ्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "सर, माझे नाव कमी करा."

त्या रात्री मी घड्याळ समोर ठेवून ते गाणे ऐकले. सुरुवातीला बराच वेळ ठेकाच नव्हता. मध्ये गाणे एकदा थांबत होते आणि पुन्हा सुरू होताना त्याची लय वाढत होती. मोठ्या मुली कशाबशा सावरून घेत होत्या. लहान मुलीला ते जमत नव्हते. चूक तिची नव्हती, गाण्याची होती. आणि ते गाणे न तपासता मान्य करणाऱ्या माझी होती.

कानाला गोड लागणारे गाणे पावलांना सोयीचे असतेच असे नाही. बॉलरूम नृत्याची साथ करणाऱ्या वादकांना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. मुलांनो, 'बॉल' म्हटल्यावर क्रिकेटचा चेंडू डोळ्यांसमोर आणू नका. इथे 'बॉल' म्हणजे नाचाचा समारंभ आणि 'बॉलरूम' म्हणजे त्यासाठीचे मोठे दालन. अशा दालनात अनेक जोड्या एकाच वेळी, गोलाकार पुढे सरकत नाचतात. एक जोडी अडखळली की मागची तिच्यावर आदळते. म्हणून तिथे गाणे फार विचारपूर्वक निवडावे लागते.

पहिला विचार मोजणीचा. उर्दूच्या तासाला तुम्ही शेराचे वजन पाहता. एक मिसरा लांब आणि दुसरा आखूड झाला तर शेर बिघडतो. संगीतातही असेच वजन असते. आपल्याकडे त्याला ताल म्हणतात आणि तो मात्रांनी मोजतात. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांचा. केरवा आठ मात्रांचा, चार-चारच्या दोन भागांचा. बॉलरूममधले वॉल्ट्झ हे नृत्य तीनच्या मोजणीवर चालते, तर फॉक्सट्रॉट चारच्या.

वॉल्ट्झची गंमत अशी की पाय दोन आणि मात्रा तीन! पहिल्या मात्रेवर जोर असतो. तिथे उजवा पाय पडला, तर पुढच्या 'एक'ला डावा पाय येतो. त्यामुळे शरीर दोन्ही बाजूंना डौलाने झुलते. याउलट आपली लेझीम चारच्या मोजणीवर असते. पी. टी.च्या तासाला एकदा दादऱ्यावर लेझीम खेळून पाहा. चार-पाच हातांतच सगळी रांग विस्कटेल आणि हसू आवरणार नाही.

मोजणी जुळली तरी काम संपत नाही. लय, म्हणजे वेग, पाहावा लागतो. डेक्कन क्वीनही गाडीच आणि नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडीही गाडीच. पण पहिलीच्या वेगाने दुसरी डोंगरावर नेता येईल का? बॉलरूमच्या स्पर्धांत हे वेग आकड्यांत ठरवलेले असतात. संथ वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांचा एक गट, असे मिनिटाला 28 ते 30 गट वाजतात. व्हिएनाच्या वॉल्ट्झमध्ये गट तीनचाच, पण मिनिटाला 58 ते 60, म्हणजे जवळजवळ दुप्पट! नवशिक्याला दुसरे गाणे दिले तर त्याला चक्कर यायची.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ घ्या. जोराची मात्रा आली की 'एक' म्हणा, पुढच्या जोराला 'दोन'. पंधरा सेकंदांत किती झाले ते पाहून त्याला चारने गुणा. सात आले तर वेग 28. गाण्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असे तीनदा मोजा. तिन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे. कव्वालीच्या आरंभी बहुधा ठेक्याशिवाय आलाप किंवा शेर म्हणतात. ऐकणाऱ्याला तो भाग फार आवडतो (मलाही!), पण नाचणाऱ्याचे पाऊल तिथे अधांतरी राहते.

बॉलरूमचे हे संगीत आपल्यापासून फार दूर नव्हते. कर्जतहून रेल्वेने शंभर किलोमीटरवर मुंबई. तिथल्या ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये 1935 साली लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन वादकाचा जॅझ बँड आला. पुढे अशा बँडमध्ये गोव्याचे अनेक वादक चमकले. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हे त्यांपैकी एक. हीच मंडळी दिवसा चित्रपटांच्या गाण्यांना साथ करू लागली. 1951 च्या 'अलबेला' चित्रपटाचे संगीतकार होते पुणतांब्याचे सी. रामचंद्र. त्यांना चिक चॉकलेट यांची साथ होती आणि ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसले. त्या चित्रपटात नाचले भगवानदादा. त्यांची पावले अगदी छोटी आणि सोपी, ठेका ठाम. म्हणूनच ज्याला नाचता येत नाही तोही वरातीत आजवर त्यांच्यासारखे हात हलवतो.

गाण्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मांडो नावाचे नृत्य आहे. स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर रांगा करतात, व्हायोलिन आणि घुमट वाजते. मांडो संथ असतो. त्यानंतर दुलपद येते, ते जलद. आधी अंग मोकळे होते, मग पावले धावतात. उलट क्रम लावला तर नाचणारे सुरुवातीलाच दमतील आणि पुढे संथ पाऊल टाकताना धापा टाकतील.

आमच्या संमेलनाचे काय झाले? दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची माफी मागितली आणि तिलाच मोजणीला बसवले. मुलींनी सात गाणी आणली. ती टाळी वाजवून मोजायची आणि आकडे फळ्यावर लिहायची. पाच गाणी बाद झाली. उरलेल्या दोनांतले जे सावकाश होते ते तिने निवडले. केरव्याचे, पहिल्या क्षणापासून ठेका असलेले, जुने गाणे. एकीलाही ते फारसे आवडले नव्हते. संमेलनात ती पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी होती. ओठांतल्या ओठांत मोजत होती, हे मला विंगेतून दिसत होते.