ब्रिटिश म्युझियमची निर्णयप्रक्रिया
ब्रिटिश म्युझियम या लंडनमधील संग्रहालयाचे सर्वोच्च निर्णय तेथील विश्वस्त मंडळ घेते. १९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्यानुसार मंडळात २५ विश्वस्त असतात. त्यांपैकी १५ जणांची नियुक्ती पंतप्रधान करतात, तर ५ जणांची निवड मंडळ स्वतः करते. दैनंदिन कारभार संचालक पाहतात. संग्रहातील वस्तू कायमची देऊन टाकण्यावर या कायद्याने कडक निर्बंध घातले आहेत.

अंतर्गत संवाद

वस्तूंची प्रत्यक्ष देखभाल अभिरक्षक करतात. त्यांच्याकडील माहिती विभागप्रमुख व संचालक यांच्यामार्फत विश्वस्तांपर्यंत जाते. ही साखळी तुटल्यास काय घडते, हे २०२३ मध्ये दिसून आले. संग्रहातील रत्ने व दागिने विक्रीस आल्याचा इशारा एका बाहेरील विक्रेत्याने २०२१ मध्येच दिला होता. तथापि वस्तू सुरक्षित असल्याचे त्याला कळविण्यात आले. १६ ऑगस्ट २०२३ रोजी संग्रहालयाने चोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात संचालक हार्टविग फिशर यांनी राजीनामा दिला. सुमारे २,००० वस्तू गहाळ किंवा खराब झाल्याचे स्वतंत्र चौकशीत आढळले. अनेक वस्तूंची पूर्ण नोंदच नसल्याने चोरी ओळखणे कठीण झाले होते. त्यानंतर संपूर्ण संग्रहाची नोंद पाच वर्षांत संगणकावर उपलब्ध करून देण्याचे ठरले.