‘स्कीमॅटिक’ म्हणजे चित्र नव्हे

काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या मुलांना विद्युत परिपथाची आकृती दिली आणि तशी जोडणी करायला सांगितले. एका गटाने आकृतीत दिसतात तशा तारा काटकोनात वाकवण्यातच अर्धा तास घालवला. दोष मुलांचा नव्हता. आकृतीखाली ‘स्कीमॅटिक’ असे छापलेले होते आणि त्याचा अर्थ आम्ही सांगितलाच नव्हता.

शब्दाचे मूळ ग्रीक ‘स्कीमा’, म्हणजे आकार किंवा रूप. आपल्या बोलण्यात रुळलेली ‘स्कीम’ त्याच कुळातली. इंग्रजीत हे विशेषण आहे. पण इलेक्ट्रॉनिक्सची कामे करणारे ते नाम म्हणूनही वापरतात, आणि तेव्हा त्याचा अर्थ परिपथाची आकृती असा होतो. अशा आकृतीत कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच खरे धरायचे. तार किती लांब, दिवा घटापासून किती दूर, याला अर्थ नसतो. तरीही एकसर जोडणीतल्या दोन सारख्या दिव्यांपैकी घटाजवळचा जास्त प्रकाश देईल असे मुले खुशाल सांगतात. दोन्ही सारखेच उजळतात.

१९३१ साली हॅरी बेक या आरेखकाने लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा याच तऱ्हेने काढला. रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या. खरी अंतरे त्याने सोडून दिली. स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याची ठिकाणे राखली. १९३३ मध्ये नकाशा छापला गेला आणि प्रवाशांनी तो उचलून धरला. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर सुमारे २६० मीटरच आहे, पण नकाशावरून ते कळत नाही. नवखा माणूस तेवढ्यासाठी तिकीट काढतो!

पाठ्यपुस्तकातली सूर्यमाला याच जातीची. ग्रहांचा क्रम खरा, आकार आणि अंतरे नाहीत. सूर्य १० सेंटिमीटरचा काढला तर पृथ्वी १ मिलिमीटरहूनही लहान, आणि तीही जवळजवळ ११ मीटरवर. नेपच्यून ३२० मीटरपलीकडे. फळ्यावर हे मावणार नाही, पण मैदानावर पावले मोजून दाखवता येते.

मराठीत ‘आराखडा’ म्हणावे, तर घराचा आराखडा मापातच असतो. आम्हाला ‘सांकेतिक आकृती’ बरे वाटते. आपण प्रश्नपत्रिकेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असे सरसकट लिहितो. हृदयाच्या छेदाला ते ठीक आहे. परिपथात मात्र घट पुस्तकातल्यासारखा डावीकडे नाही म्हणून गुण कापलेले आम्ही पाहिले आहेत. जोडणी बरोबर असेल, तर तो गुण त्या मुलाचा आहे.