अंगणातील दगडी फरशी : मांडणी ठरवताना

मालवण परिसरात घरापुढील अंगणाला ‘खळे’ म्हणतात. भात झोडणे, आमसुले वाळवणे, उन्हाळ्यात माटव उभारून लग्नकार्ये उरकणे, असा सारा व्यवहार याच खळ्यात होत आला. पूर्वी ते दरवर्षी चोपून शेणाने सारवले जाई. आता गावच्या घराची डागडुजी करताना अनेक चाकरमानी तेथे दगडी फरशी घालून घेतात. दगड कोणता निवडावा, यावर घरात बरीच चर्चा होते. तो कसा मांडावा, हे मात्र बहुधा गवंड्यावर सोपवले जाते. वास्तविक फरशीचे आयुष्य या दुसऱ्या निर्णयावरही तितकेच अवलंबून असते.

आधी पाण्याचा विचार

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गणेशचतुर्थीला घर माणसांनी भरलेले असते, तेव्हाही पाऊस सुरूच असतो. पाणी साचलेल्या फरशीवर शेवाळ धरते आणि अनवाणी चालणाऱ्या वृद्धांचा पाय घसरतो. म्हणून जोत्यापासून बाहेरच्या दिशेने दर १० फुटांस सुमारे २ इंच उतार ठेवावा. हा उतार निश्चित झाल्यावरच मांडणीकडे वळावे.

मांडणीचे प्रकार

चौकडीच्या मांडणीत उभे-आडवे सर्व सांधे सरळ रेषेत येतात. यंत्रावर कापलेल्या एकसारख्या फरश्यांना ती शोभते. परंतु मापात थोडाही फरक असला, तर तो पुढे वाढत जातो. शिवाय उताराच्या दिशेने धावणाऱ्या सरळ सांध्यांतून पाणी वेगाने वाहते आणि सांध्यांतील वाळू धुऊन नेते.

सांधेमोड मांडणी चिऱ्यांच्या भिंतीसारखी असते. एका ओळीतील सांधा पुढच्या ओळीतील दगडाच्या मध्यावर येतो. लांब सांधे उताराला आडवे ठेवले, तर पाण्याला सरळ वाट मिळत नाही. कोकणातील गवंड्यांच्या हाताला हीच पद्धत सवयीची आहे.

लहानमोठ्या मापांच्या मिश्र मांडणीत रचना नैसर्गिक दिसते आणि मापातील किरकोळ फरक झाकला जातो. मात्र चार कोपरे एका बिंदूत येऊ देऊ नयेत. तसेच एकच सरळ सांधा तीन-चार फरश्यांपलीकडे नेऊ नये. ही मांडणी प्रशस्त खळ्यात खुलते, लहान जागेत विस्कळीत वाटते.

तिरपी मांडणी आकर्षक खरी. पण कडेच्या फरश्या त्रिकोणी कापाव्या लागतात. दगड वाया जातो, मजुरीही वाढते. ठिसूळ जांभ्याचे टोकदार कोपरे लवकर झडतात. ओबडधोबड तुकड्यांची वेडीवाकडी मांडणी विहिरीकडे जाणाऱ्या वाटेला चालेल. धान्य वाळवण्याच्या जागेत मात्र रुंद सांध्यांत दाणे अडकतात.

दगडाचा स्वभाव

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर कठीण होतो. तो सच्छिद्र आणि खडबडीत असल्याने पायाला धरतो. पण सावलीत त्यावर शेवाळ लवकर येते. राजस्थानातून येणारा कोटा घोटीव असल्यास ओलाव्यात निसरडा ठरतो. उघड्या अंगणासाठी त्याची खडबडीत फरशी घ्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी

मुख्य दाराच्या आणि तुळशीवृंदावनाच्या मध्यातून दोरी धरून मांडणीला आरंभ करावा, म्हणजे कापलेले तुकडे कडेला जातात. अर्ध्याहून लहान तुकडा शक्यतो कोठेच येऊ देऊ नये. माटवाच्या खांबांसाठी जागा आधीच सोडाव्यात; नंतर फरशी फोडण्याची वेळ येत नाही. जांभ्याच्या रंगछटा वेगवेगळ्या असल्याने निरनिराळ्या ढिगांतील दगड मिसळून घ्यावेत आणि दोन-तीन ओळी कोरड्याच मांडून पाहाव्यात.

बहुतेक घरांसाठी चोपलेल्या जमिनीवर वाळूचा थर देऊन उताराला आडवी सांधेमोड मांडणी करणे सोयीचे. काही पाणी सांध्यांतून जमिनीत मुरते आणि एखादी फरशी खचली, तर तेवढीच उचलून पुन्हा बसवता येते.