उदाहरण सोडवताना

विज्ञानाचे उदाहरण समोर आले की तुम्ही काय करता? बरेच जण आधी आकडे शोधतात. आठवेल त्या सूत्रात ते घालतात आणि जे उत्तर येईल त्याखाली रेघ ओढून मोकळे होतात. काही जण तर शेजारच्या वहीतून उत्तर उतरवून घेतात. वह्या तपासताना हे मला नेहमी दिसते. खरे सांगायचे तर, शाळेत असताना मीही असेच करत असे. म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ; पण ते नीट समजून घेऊ.

पावसाळ्यात वीज चमकते आणि गडगडाट थोड्या वेळाने ऐकू येतो. प्रकाश जवळजवळ त्याच क्षणी आपल्यापर्यंत पोहोचतो. ध्वनी मात्र हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो. चमक आणि आवाज यांत ३ सेकंदांचे अंतर असेल, तर वीज सुमारे १ किलोमीटर दूर आहे. म्हणजे वेळेच्या फरकावरून अंतर कळते.

आता भूकंप घ्या. उर्दूत आपण त्याला जलजला म्हणतो. भूकंप झाला की जमिनीतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी वेगाने धावतात, दुय्यम लहरी मागे राहतात. भूकंपमापक यंत्रावर दोन्हींची नोंद होते. खडकाप्रमाणे त्यांचा वेग बदलतो. आपण प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर आणि दुय्यम लहरींचा ३.६ किलोमीटर धरू.

उदाहरण असे : एका केंद्रावर दुय्यम लहरी प्राथमिक लहरींनंतर २० सेकंदांनी पोहोचल्या. भूकंप किती दूर झाला?

घाई करणारा विद्यार्थी लिहितो, ‘२० × ६ = १२० किलोमीटर’. हे चूक आहे. २० सेकंद हा प्रवासाचा वेळ नाही. तो दोन वेळांमधील फरक आहे.

मग काय करावे? समजा, अंतर ९ किलोमीटर आहे. पहिल्या लहरींना ९ ÷ ६ = १.५ सेकंद लागतील. दुसऱ्या लहरींना ९ ÷ ३.६ = २.५ सेकंद लागतील. फरक १ सेकंदाचा. म्हणजे दर ९ किलोमीटरला १ सेकंदाचा फरक पडतो. मग २० सेकंदांचा फरक पडायला ९ × २० = १८० किलोमीटर अंतर हवे.

इथे थांबू नका. उत्तर पडताळून पाहा. १८० ÷ ६ = ३० सेकंद. १८० ÷ ३.६ = ५० सेकंद. फरक २० सेकंद. उत्तर बरोबर आहे!

अंतर कळले, पण दिशा कळली नाही. म्हणून तीन केंद्रांवरून अंतरे काढतात आणि नकाशावर तीन वर्तुळे काढतात. ती जिथे एकत्र येतात, तिथे भूकंप झालेला असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लोक झोपेत होते. दगडमातीची घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. अशा वेळी भूकंपाची जागा लवकर कळणे फार गरजेचे असते. १२० आणि १८० यांत ६० किलोमीटरचा फरक आहे. वहीत चुकले तर गुण जातात. तिथे चुकले तर मदत भलत्याच गावी जाईल. आज हे गणित संगणक करतो, पण त्यामागचा विचार हाच आहे.

म्हणून उदाहरण दोनदा वाचा. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, ते लिहा. एकके तपासा. शेवटी उत्तराचा पडताळा घ्या. उतरवलेले उत्तर एका दिवसापुरते असते; स्वतः शोधलेली रीत जन्मभर उपयोगी पडते.

स्वाध्याय
१. ‘२० × ६’ ही रीत का चुकीची आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. भूकंपाची जागा शोधण्यासाठी तीन केंद्रे का लागतात?
३. दुसऱ्या केंद्रावर फरक १५ सेकंदांचा असेल, तर अंतर काढा आणि पडताळा घ्या.