पुन्हा विरघळणारं पॉलिश

जाणता पॉलिशवाला ओरखड्याला आधी हात लावत नाही. टेबल खिडकीपाशी ओढून घेतो, गुडघ्यावर बसून डोळा फळीच्या पातळीला आणतो आणि तिरपा उजेड फळीवरून कसा सरकतो ते बघतो. मग पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी क्षणभर दाबून धरतो. चिंधी चिकटली, तपकिरी डाग घेऊन आली, तर वरचं पॉलिश लाखेचं. काहीच झालं नाही तर थिनरची चिंधी लावायची. त्याने पृष्ठभाग मऊ पडला तर नायट्रोसेल्युलोजचा लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा मेलामाईन किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. पुढचं सगळं काम या एका चिंधीवर ठरतं, आणि घरच्या घरी दुरुस्ती करणारी बहुतेक माणसं नेमकी हीच पायरी गाळतात.

ओरखडा किती खोल आहे हेही असंच, न घाबरता विचारावं लागतं. पांढऱ्या रेघेवर स्पिरिटचा किंवा पाण्याचा एक थेंब सोडला आणि ओलं असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली, तर जखम फक्त पॉलिशच्या थराला आहे. तो थर कागदापेक्षाही पातळ असतो. तुटलेल्या कडांवर उजेड विखुरतो म्हणून रेघ पांढरी दिसते. थेंबाखाली रेघ उलट गडद झाली, तर मात्र आतलं लाकूड उघडं पडलेलं आहे. रंगाचा थर गेला, तंतू कापले गेले. किल्लीने, पितळी दिव्याच्या तळाने, घर बदलताना जिन्याच्या कठड्याला घासून झालेले ओरखडे बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात.

पोचा आणि ओरखडा यांत कारागीर कसोशीने फरक करतो. काही जड पडून लाकूड दबलं असेल तर तंतू तुटलेले नसतात, फक्त दाबले गेलेले असतात. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक टेकवलं की वाफेने ते फुगतात आणि पोचा बराचसा भरून येतो. पॉलिश मात्र तिथे पांढरं पडतं, त्यामुळे ते नंतर करावंच लागतं. कापलेल्या तंतूंना वाफेचा काही उपयोग नाही. जे लाकूड निघून गेलं ते निघून गेलं, तिथे बाहेरून काहीतरी आणून भरावंच लागतं.

काय भरायचं, इथे लाकडी सामानाचे सर्वांत जास्त हाल होतात. सुतारकामातला सोपा उपाय म्हणजे लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरणं. कपाटाच्या आतल्या सांध्यासाठी तो ठीक आहे. जेवणाच्या टेबलावर तो कायमचा डाग होऊन बसतो, कारण गोंद भुशाची छिद्रं बुजवतो आणि मग त्या जागी रंग शिरतच नाही. आजूबाजूचं लाकूड रंग पिऊन तेजाळतं आणि भरलेली रेघ मातकट राहते. दुसरा उपाय त्याहून वाईट: पॉलिशपेपर घेऊन ओरखडा जाईपर्यंत घासणं. ओरखडा जातो, पण त्याच्या जागी उथळ खळगा येतो आणि खिडकीचं प्रतिबिंब तिथे वाकडं पडतं. शिवाय वर्षानुवर्षांच्या उजेडाने आणि हातांनी आलेला लाकडाचा रंग खरवडला जातो. नवं कापलेलं सागवान मळकट, हिरवट झाक असलेलं दिसतं, उजेडात राहून ते सोनेरी तपकिरी होतं. शिसवी लाकूड सततच्या उन्हात फिकं पडतं. हा रंग बाटलीत मिळत नाही. विनिअर असेल तर घासणं म्हणजे सरळ नाश. आपल्याकडच्या आजच्या विनिअरचा वरचा पापुद्रा साधारण अर्धा मिलिमीटर असतो. तो घासून संपला की खालचा प्लाय दिसतो, आणि मग त्या जागी नवा तुकडा बसवण्यावाचून इलाज उरत नाही.

खोल ओरखड्यासाठी जुन्या पॉलिशवाल्यांचं खरं हत्यार म्हणजे लाखेची कांडी. लाख, राळ आणि मातीचे रंग एकत्र वितळवून केलेल्या या कठीण कांड्या फिक्या पिवळ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत अनेक छटांत असतात. पातळ पोलादी पातं स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. रॉकेलची ज्योत चालत नाही, तिची काजळी लाखेत उतरते. तापलेल्या पात्याने कांडीचं टोक वितळवून तो थेंब ओरखड्यात ओढायचा. पातं कमी तापलं तर लाख नुसती वर चिकटते, जास्त तापलं तर उकळून बुडबुडे येतात आणि शेजारचं शाबूत पॉलिशही फोडून ठेवतं. योग्य ताप हाताला कळतो, त्याला आकडा नाही. जखम खोल असेल तर एकदम न भरता थरांनी भरतात. शेवटचा थर पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवतात आणि निवल्यावर धारदार पटाशी लाकडाच्या अंगाला जवळजवळ आडवी धरून तेवढाच उंचवटा तासून काढतात.

भरण्याआधीची एक पायरी मला फार शहाणपणाची वाटते. ओरखड्याच्या काठावर उठलेली कुसळं कारागीर कापतो, आणि उघड्या तंतूंवर लाखेच्या अगदी पातळ पाण्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एक हात देतो. तुटलेले तंतू रंग अधाशासारखे पितात. हा हात दिला नाही तर पहिल्या रंगातच ती रेघ आजूबाजूच्या लाकडापेक्षा काळी होते, आणि काळी झालेली रेघ परत उजळवणं जवळपास अशक्य असतं. तंतूंच्या दिशेला आडवा गेलेला ओरखडा उभ्यापेक्षा जास्त त्रास देतो, तो याचमुळे. उभा ओरखडा लाकडाच्या रेषांत मिसळून जाऊ शकतो, आडवा प्रत्येक रेषेला छेदतो.

इथपर्यंत सुतारकाम झालं. यापुढे चित्रकला सुरू होते. लाकडाला एकच रंग नसतो. सागाच्या बोटभर रुंदीतसुद्धा फिका पिवळा, मधासारखा आणि गडद तपकिरी असे तीन-चार रंग शेजारी नांदत असतात. त्यामुळे सरासरी रंग काढून भरणाऱ्याची फसगत होते: त्याचा तुकडा ना फिक्यात मिसळतो ना गडदात. भराव लाकडातल्या सर्वांत फिक्या छटेचा हवा. त्यावर मग बारीक ब्रशाने पातळ लाखेत कालवलेल्या गेरूने, पिवडीने, काजळीने लाकडाच्या रेषा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढायच्या. दोन रंगांमध्ये लाखेचा एक पातळ हात द्यायचा, म्हणजे वरची रेघ चुकली तर पुसता येते आणि खालची टिकते. तुकडा फार तांबूस दिसला तर त्यात हिरव्याची किंचित झाक मिसळतात. रंगचक्राचं हे ज्ञान ज्यांच्या हातात असतं त्यांतल्या बहुतेकांनी चित्रकलेच्या वर्गाचं तोंड पाहिलेलं नसतं.

हे काम दिवसाच्या उजेडात, शक्यतो ते सामान जिथे राहणार त्याच खोलीत करावं लागतं. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग सकाळी उन्हात वेगळा पडतो, कारण दोन रंग एका प्रकाशात सारखे दिसले म्हणजे ते दुसऱ्यातही तसेच दिसतील असं नसतं.

रंग जुळला तरी एक गोष्ट राहतेच, आणि दुरुस्ती पकडली जाते ती तिच्यामुळे. साग आणि शिसव ही मोकळ्या छिद्रांची लाकडं आहेत. पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारख्या आखूड रेषा पसरलेल्या असतात. भरलेली लाख काचेसारखी सपाट. समोरून रंग एकजीव वाटतो, पण बाजूने पाहिलं की ती गुळगुळीत पट्टी चमकते. म्हणून हुशार कारागीर टाचणीच्या टोकाने भरावावर तशाच आखूड चिरा काढतो, त्यात गडद रंग फिरवतो आणि वरचा पुसून घेतो. लाकडाला जिथे छिद्रं होती तिथे पुन्हा छिद्रं आणतो. एवढं झाल्यावर शेवटी पॉलिशचा बोळा: धुऊन मऊ झालेल्या सुती कापडात कापूस, कापसात लाखेचं पाणी, कापडावर जवसाच्या तेलाचा थेंब. गोल आणि आठाच्या आकड्यासारखे हात, मध्ये कुठेही न थांबता. बोळा थांबला की तिथे चिकटला, आणि चिकटला की खालचं उचकटून आलं.

ज्या लाखेवर हे सगळं उभं आहे ती याच मातीतली. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा कीटक वस्ती करतो. मादी तिथेच खिळून राहते आणि स्वतःभोवती राळेचं कवच रचते. फांद्या खरवडून, कुटून, धुऊन मिळतो तो लाखदाणा. तो कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीसमोर पिळतात आणि गाळलेली गरम लाख हातापायांनी ताणून तिचा पातळ पापुद्रा करतात, तो फोडला की चपडा. लाखेच्या उत्पादनात झारखंड आघाडीवर आहे. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात फ्रेंच पॉलिशची जी लाट आली तिचा कच्चा माल भारतातूनच जात होता. ग्रामोफोनच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्याही लाखेच्याच. बालगंधर्वांची गाणी घराघरांत पोचली ती याच राळेवर उमटवलेल्या खाचांतून.

त्याच एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडवर, कोरीव शिसवी फर्निचरचे कारागीर बसत. इंग्रज त्याला बॉम्बे ब्लॅकवूड म्हणत. पारशी घरांत त्यातल्या खुर्च्या, दिवाण, गोल टेबलं अजून वापरात दिसतात. असल्या जुन्या सामानावर सापडतं ते पॉलिश पुष्कळदा लाखेचंच असतं.

लाखेत दोष आहेत, ते मान्य. गरम चहाचा कप थेट ठेवला तर पांढरा वेढा उमटतो. अत्तर, सॅनिटायझर सांडलं तर ती विरघळते. पावसाळ्यात तिचं काम काढू नये: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी तिथे धरतं आणि पॉलिश धुरकट पांढरं होतं. कालवून ठेवलेलं पाणी जुनं झालं की नीट सुकतही नाही. म्हणून जाणता माणूस काचेवर थेंब टाकून तो कडक होतो का ते पाहतो, मगच कामाला घेतो.

तरीही माझा कौल लाखेलाच आहे, आणि त्याचं कारण तिच्या याच दोषात आहे. स्पिरिट तिला पुन्हा विरघळवतं. साठ वर्षांपूर्वीच्या थरावर आज नवा हात दिला तर दोन थर एकमेकांत मिसळतात, मध्ये सीमारेषा उरत नाही. पीयूचं उलट आहे. सुकताना त्याचे रेणू एकमेकांशी कायमचे बांधले जातात, म्हणून त्याला पाणी लागत नाही, चहा लागत नाही, स्पिरिटही लागत नाही. पण पहिला खोल ओरखडा पडला की हीच अजिंक्यता आड येते. नवा थर जुन्यात मुरत नाही, नुसता वर बसतो, आणि त्याची कड दिसत राहते. नीट करायचं तर आख्खी फळी घासून पुन्हा फवारा मारावा लागतो. दुकानात उभं राहून आपण विचारतो की याला डाग पडतो का. पडलेला डाग काढता येतो का, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि फर्निचर तर दोन-तीन पिढ्या वापरायची वस्तू आहे.

कामाच्या हिशेबानेही या कारागिराची कोंडी केली आहे. पॉलिशचा दर चौरस फुटावर ठरतो. सहा इंच लांब, दाभणाएवढ्या रुंद ओरखड्याचं क्षेत्रफळ काय काढणार? त्याला लागणारा अर्धा दिवस त्या मापात बसत नाही. म्हणून कंत्राटदार सांगतो, सगळंच घासून नवीन करून घ्या. त्यात त्याला फुटांचे पैसे मिळतात, आपल्याला नवी चकाकी मिळते आणि जुना रंग गटारात जातो. जुन्या फर्निचरच्या बाजारात अशी घासून तुळतुळीत केलेली शंभर वर्षांची कपाटं पाहिली की मला वाईट वाटतं. संग्रहालयांत संवर्धन करणाऱ्यांचा दंडक याच्या नेमका उलट असतो: कमीत कमी हात लावा, आणि जे भराल ते उद्या मूळ वस्तूला धक्का न लावता काढता येईल असंच भरा. आपल्या घरातल्या टेबलाला हाच दंडक लावायला हरकत नाही. ओरखडा दुरुस्त करणाऱ्याला फुटावर न मोजता लागलेल्या वेळेच्या हिशेबाने पैसे द्यावेत. रंग जुळवण्याची नजर असलेली माणसं दर पिढीत कमी होत आहेत, कारण त्या नजरेला वेगळा दर नाही.

नवं लाकडी सामान करून घेताना सुताराकडून त्याच लाकडाचा वीतभर तुकडा मागून घ्यावा. पॉलिशवाल्याला त्यावरही तेच हात मारायला सांगावं आणि तो तुकडा घरात उजेडात ठेवावा, म्हणजे तोही फर्निचरबरोबर जुना होईल. कपाटाच्या मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवावं: लाकूड कुठलं, रंग कुठला, पॉलिश लाखेचं की मेलामाईनचं, कुठल्या महिन्यात केलं. वीस वर्षांनी येणारा पॉलिशवाला चिंधी काढण्याआधी ते वाचेल, आणि नवा रंग आधी त्या तुकड्यावर लावून बघेल.